इंग्लंडमधलं जुनं पॅरिश चर्च: इतिहास आणि बांधणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून बस किंवा आगगाडीने जाताना दर दोन-चार मैलांवर झाडांतून एक दगडी मनोरा डोकावतो. ते त्या गावाचं पॅरिश चर्च. तिकडे शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे गेलेले बरेच जण आत डोकावतात आणि मग तेच ते प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. मी वास्तुविशारद नाही, हौशी माणूस आहे. त्यामुळे कुठे जास्त रेंगाळलो असेन तर समजून घ्या.

पॅरिश चर्च म्हणजे नेमकं काय? कॅथेड्रल वेगळं कसं?

पॅरिश म्हणजे शिव आखलेला धार्मिक गाव. त्या शिवेतल्या प्रत्येक माणसाचं ते चर्च. बारसं, लग्न, माती, सगळं तिथेच. कॅथेड्रल म्हणजे बिशपची गादी जिथे आहे ते चर्च. फरक गादीचा आहे, आकाराचा नाही. काही पॅरिश चर्चेस इतकी प्रचंड आहेत की नवखा माणूस त्यांना कॅथेड्रलच समजतो.

पॅरिश हे नुसतं धर्माचं एकक नव्हतं. १६०१ च्या कायद्यानं गरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर आली आणि ती १८३४ पर्यंत राहिली. चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचे गावातले कारभारी, गावचा हिशेब ठेवत, रस्त्यांपासून भटक्या अनाथांपर्यंत सगळं त्या वहीत येई. आज चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६,००० चर्चेस आहेत.

अमुक चर्च कोणत्या साली बांधलं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा त्याला एका सालात उत्तर नसतं. जुनं पॅरिश चर्च एकदा बांधून पुरं झालं असं सहसा होत नाही. गावात पैसा आला की एक बाजू वाढली, रोगराई आली की काम थांबलं, मनोरा खचला की नवा उभा राहिला, राजा बदलला की आतलं सामान बदललं. मी तरी चर्चकडे गावाच्या जमाखर्चाची दगडी वही म्हणून बघतो. शैलीची नावं पाठ करण्यापेक्षा जोड शोधावेत, त्यातून जास्त कळतं.

उदाहरणार्थ, मुख्य दालनात उभं राहून मनोऱ्याकडे तोंड करा. मनोऱ्याच्या भिंतीवर वरच्या बाजूला उलट्या व्ही अक्षरासारखी दगडाची रेघ उमटलेली दिसते का? ती जुन्या, उतरत्या छपराची खूण. आजचं छप्पर त्याहून उंच आणि सपाट असेल तर मधल्या काळात कुणीतरी भिंती चढवून वर खिडक्यांची एक रांग घातली आहे. आता बाजूच्या खांबांकडे बघा. उत्तरेचे खांब जाडजूड, गोल आणि दक्षिणेचे सडपातळ असतील, तर दोन्ही बाजूंच्या पडव्या वेगवेगळ्या पिढ्यांनी काढल्या. मूळ भिंत होती तिथे कमानी पाडल्या आणि बाहेर नवी भिंत घातली. कमानींच्या मध्ये भिंतीचा एखादा ओबडधोबड तुकडा तसाच सोडलेला असतो, ती मूळ बाहेरची भिंत. अशा तुकड्याला हात लावून उभं राहणं मला कुठल्याही रंगीत खिडकीपेक्षा आवडतं.

सर्वांत जुनी चर्चेस कुठली?

कँटरबरीचं सेंट मार्टिन हे आजही वापरात असलेल्यांपैकी सर्वांत जुनं. केंटच्या राजाशी लग्न होऊन आलेली फ्रँक राजकन्या बर्था तिथे प्रार्थनेला जाई. ५९७ मध्ये रोमहून धर्मप्रसारक ऑगस्टीन आला तेव्हा ते वापरात होतंच.

डरहॅम परगण्यातलं एस्कम हे माझं लाडकं. सातव्या शतकातलं, उंच, अरुंद, खोक्यासारखं. बांधायला दगड जवळच्या बिंचेस्टर इथल्या रोमन छावणीतून उचलून आणले. उत्तरेच्या भिंतीत एक दगड उलटा बसवलाय आणि त्यावर सहाव्या रोमन लीजनचं, म्हणजे रोमन सैन्याच्या तुकडीचं, नाव कोरलेलं आहे. गवंड्याला ते वाचता येत नसावं, किंवा येत असूनही त्याला काही फरक पडला नसावा. नॉर्दॅम्प्टनशरमधल्या ब्रिक्सवर्थच्या कमानींतही अशाच रोमन विटा आहेत.

लाकडात सगळ्यांत जुनं एसेक्समधलं ग्रीनस्टेड. ओकचे उभे चिरलेले ओंडके एकाशेजारी एक रोवून भिंत केली आहे. लाकडाच्या वलयांवरून त्याचा काळ अकराव्या शतकाचा उत्तरार्ध ठरतो.

शैली कशी ओळखायची? नॉर्मन, गॉथिक वगैरे?

खिडक्या बघा, बाकीचं नंतर. आज वापरतो ती नावं टॉमस रिकमन यानं १८१७ मध्ये रूढ केली. बांधणाऱ्यांना स्वतःला ती माहीतच नव्हती.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याच्या आधीचं ते सॅक्सन: छोट्या खिडक्या, कोपऱ्यावर आलटून-पालटून आडवे-उभे लांब दगड. त्यानंतर ११९० पर्यंत नॉर्मन: अर्धगोल कमानी, जाड खांब, दारावर नागमोडी नक्षीच्या ओळींवर ओळी. मग कमान टोकदार होते. सुरुवातीला भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद, उंच खिडक्या, ही अर्ली इंग्लिश. तेराव्या शतकाच्या शेवटी त्या रुंदावतात आणि वरच्या भागात दगडाची वेलबुट्टी येते, ती डेकोरेटेड. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून वेलबुट्टी सरळ उभ्या पट्ट्यांत बदलते, कमान चपटी होते आणि भिंतीपेक्षा काचच जास्त दिसू लागते. ती पर्पेंडिक्युलर, आणि ती सोळाव्या शतकापर्यंत टिकली.

एक सावधगिरी. खिडकी नंतरही बसवता येते. खिडकी पंधराव्या शतकातली म्हणून भिंतही तेव्हाचीच असं नाही.

मधेच काम सोडून दिल्यासारखं का वाटतं?

एखाद्या खांबावरची नक्षी अर्धवट, पुढच्यावर काहीच नाही, असं अनेक चर्चेसमध्ये दिसतं. कारण पैशाचं असू शकतं, पण चौदाव्या शतकातलं काम असेल तर आधी १३४८-४९ ची प्लेगची साथ आठवावी. त्या साथीत इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी माणसं गेली. त्यांत गवंडी होते, पाथरवट होते, पैसे देणारेही होते.

हर्टफर्डशरमधल्या अॅशवेलच्या चर्चमध्ये मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर कुणीतरी मऊ दगडात टोकदार वस्तूने लॅटिन ओळी खरवडल्या आहेत. १३५० चा उल्लेख आहे, उरलेल्या माणसांच्या दैन्याचा आहे आणि शेवटी दुसऱ्या साथीनंतर सेंट मॉरसच्या दिवशी आलेल्या वादळाचा आहे, साल १३६१. अक्षरं वाकडीतिकडी आहेत. त्याच भिंतीवर लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथेड्रलचं रेखाटनही आहे. १६६६ च्या आगीत ते कॅथेड्रल गेलं, हे चित्र राहिलं.

आत गेल्यावर कुठला भाग कशाचा?

आपल्याकडच्या देवळाची कल्पना मनात धरली तर पटकन कळतं. लोक बसतात तो मोठा भाग म्हणजे नेव्ह, आपला सभामंडप. पूर्वेकडचा अरुंद भाग चॅन्सल, म्हणजे गाभारा. तिथे वेदी. पश्चिमेला बहुधा मनोरा. बाजूच्या पडव्यांना आइल म्हणतात. नेव्ह हा शब्द जहाजासाठीच्या लॅटिन 'नाविस'वरून आला, आपला 'नौका' त्याच कुळातला. मान वर करून ओकचं छप्पर पाहिलं की उलटी घातलेली होडीच दिसते.

चॅन्सलच्या दक्षिण भिंतीत वेदीजवळ कोनाड्यात छोटी दगडी वाटी असते, तळाला भोक. ती पिसिना. पवित्र भांडी धुतलेलं पाणी तिच्यातून थेट जमिनीत जाई, इकडेतिकडे सांडू द्यायचं नसे. शेजारी भिंतीतच कोरलेल्या तीन बैठका पाद्र्यांसाठी. पडवीच्या भिंतीत पिसिना दिसली तर समजा की तिथेही एके काळी वेदी होती.

दाराजवळ बाप्तिस्म्याची दगडी कुंडी. तिच्या काठावर लोखंडाचे तुटके अडणे किंवा त्यांच्या जागचे खळगे आहेत का बघा. लोक मंत्रातंत्रासाठी पवित्र पाणी चोरून नेत, म्हणून १२३६ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपनं कुंड्यांना झाकण आणि कुलूप लावायचा हुकूम काढला. कुलपं गेली, खळगे राहिले.

भिंतीत एक अरुंद जिना वर जातो आणि कुठेच पोचत नाही. तो कशासाठी?

हा जिना म्हणजे इंग्लंडच्या सोळाव्या शतकाचा अख्खा इतिहास. नेव्ह आणि चॅन्सल यांच्या मध्ये पूर्वी लाकडी जाळीदार पडदा असे. त्याच्या डोक्यावर एक सज्जा आणि सज्ज्यावर क्रूसावरचा ख्रिस्त, एका बाजूला मारिया, दुसऱ्या बाजूला योहान. या क्रूसाला रूड म्हणत. सज्ज्यावर मेणबत्त्या लावायला चढायचं ते या जिन्यानं.

१५३४ मध्ये आठवा हेन्री रोमपासून फुटला, पण मूर्ती काढायची खरी लाट आली ती सहावा एडवर्ड गादीवर आल्यावर, १५४७ नंतर. रोमला मानणारी मेरी राणी आली, १५५३. पुन्हा क्रूस लावा. एलिझाबेथ आली, १५५८. पुन्हा काढा. १५६१ च्या हुकुमानं सज्जे पाडायचे पण खालचा पडदा ठेवायचा असं ठरलं. म्हणून आज अनेक ठिकाणी पडद्याचा खालचा भाग दिसतो, त्यावरच्या संतांचे चेहरे खरवडलेले, आणि जिना अधांतरी.

डेव्हनमधल्या मोरबाथ नावाच्या तीसेक कुटुंबांच्या गावात एकच पाद्री, सर क्रिस्टफर ट्रिकी, १५२० पासून १५७४ पर्यंत होता. चार राजवटी त्यानं त्याच जागेवर पाहिल्या आणि चर्चचा हिशेब लिहीत राहिला. कुठली वस्त्रं घेतली, कुठली विकावी लागली, मूर्तीपुढच्या दिव्यांसाठी ठेवलेल्या मेंढ्यांचं काय झालं, सगळं त्यात आहे. १५४९ मध्ये नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाविरुद्ध बंड झालं तेव्हा गावानं पाच जवान बंडवाल्यांच्या तळावर पाठवले, त्यांच्या खर्चाची नोंदही चर्चच्या वहीत पडली. राजद्रोहाचा खर्च पावतीसकट.

भिंती इतक्या पांढऱ्या का?

त्या पांढऱ्या नव्हत्या. मध्ययुगातलं पॅरिश चर्च आतून रंगीबेरंगी असे. चॅन्सलच्या कमानीवर न्यायदिनाचं मोठं चित्र, एका बाजूला स्वर्ग, दुसऱ्या बाजूला राक्षसाच्या जबड्यात चाललेले पापी. धर्मसुधारणेत, म्हणजे रोमपासून फुटल्यानंतरच्या त्या उलथापालथीत, या सगळ्यावर चुना फिरला. वर दहा आज्ञा आणि राजचिन्ह रंगवलं.

सफकमधल्या वेनहॅस्टनची गोष्ट ऐकण्यासारखी. १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी चॅन्सलच्या कमानीतली जुनी, चुना मारलेली फळकुटं काढून आवारात टाकली होती. रात्री पाऊस झाला. सकाळी चुना धुऊन गेला होता आणि फळ्यांतून चेहरे बघत होते. पंधराव्या शतकाच्या अखेरचं न्यायदिनाचं चित्र. आज ते चर्चमध्ये टांगलेलं आहे. मधोमध क्रूसाच्या आकाराची आणि दोन माणसांच्या आकाराची कोरी जागा आहे, कारण तिथे लाकडी मूर्ती लावलेल्या होत्या आणि त्यांच्या मागे रंग द्यायची गरज नव्हती. मूर्ती गेल्या, त्यांची सावली राहिली.

यॉर्कशरमधल्या पिकरिंगला १८५२ मध्ये भिंतीवरची चित्रं सापडली, तर तिथल्या व्हिकरनं (गावच्या पाद्र्यानं) ती प्रवचनावरचं लक्ष उडवतात म्हणून पुन्हा चुन्याखाली घातली. नंतरच्या व्हिकरनं परत उघडली.

देवदूतांच्या पंखांत बंदुकीचे छर्रे सापडतात, ते प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट) सैनिकांनी मारले का?

सफकमधल्या ब्लाइदबरोच्या छपरावरच्या लाकडी देवदूतांबद्दल वर्षानुवर्षं हेच सांगितलं गेलं आणि नाव घेतलं गेलं विल्यम डाउझिंगचं. हा माणूस खरा होता. १६४३-४४ मध्ये केंब्रिजशर आणि सफकमधल्या अडीचशेहून जास्त चर्चेसमधली 'अंधश्रद्धेची' चित्रं आणि काचा फोडायला तो हिंडला आणि त्यानं रोजनिशीही ठेवली. ब्लाइदबरोला तो आला होता. पण छर्रे त्याचे नाहीत. अठराव्या शतकातल्या चर्चच्या हिशेबात छपरात घरटी करणारे कावळ्याच्या जातीचे पक्षी मारायला दारू आणि छर्रे घेतल्याचे पैसे दिलेले आहेत. बिचारे देवदूत मधे आले.

इतक्या लहान गावात एवढं मोठं चर्च कुणी परवडवलं?

मेंढीनं. पंधराव्या शतकात कॉट्सवोल्डची लोकर आणि सफकचं कापड यांवर अनेक चर्चेस उभी राहिली. नॉर्थलीचला जमिनीत बसवलेल्या पितळी पत्र्यांवर लोकरीचे व्यापारी कोरलेले आहेत. अंगात झगा, हात जोडलेले, पायाखाली मेंढी किंवा लोकरीचं गाठोडं. देवापुढेही धंदा लपवला नाही. फेअरफर्डचं चर्च जॉन टेम या लोकरीच्या व्यापाऱ्यानं नव्यानं बांधायला घेतलं. तिथल्या २८ खिडक्यांतली मध्ययुगीन रंगीत काच जवळजवळ अखंड उरली आहे, असं दुसरं पॅरिश चर्च इंग्लंडमध्ये नाही. (तिथे आवारात टिडल्स नावाच्या चर्चच्या मांजरीची दगडी समाधीही आहे.) लॅव्हनमच्या १४१ फुटी मनोऱ्यावर स्प्रिंग या कापडव्यापारी घराण्याचं चिन्ह पुन्हा पुन्हा कोरलेलं आहे. नवीन मिळालेलं मानचिन्ह होतं, ते मिरवायला नको का!

पण सगळं श्रीमंतांचं नव्हे. लिंकनशरमधल्या लाउथचं शिखर १५०१ ते १५१५ मध्ये चढलं, खर्च सुमारे ३०५ पौंड, आणि त्याचा हिशेब आजही आहे. २८७ फूट उंचीचं हे शिखर मध्ययुगीन पॅरिश चर्चेसमधलं सर्वांत उंच मानलं जातं.

रेक्टर आणि व्हिकर यांत फरक काय?

दशमांशाचा. गावच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला जाई. त्यातला धान्याचा मोठा वाटा घेणारा तो रेक्टर. अनेक गावं मठांनी आपल्याकडे घेतली, मग रेक्टर म्हणजे मठ आणि गावात प्रत्यक्ष काम करायला नेमलेला मुतालिक तो व्हिकर. शब्दाचा अर्थच 'बदली' असा आहे. १५३६ ते १५४० मध्ये मठ बुडाले आणि हे हक्क खासगी लोकांनी विकत घेतले.

आता गंमत. नेव्हची डागडुजी गावानं करायची आणि चॅन्सलची रेक्टरनं, अशी रीत. म्हणून काही चर्चेसमध्ये नेव्ह दिमाखदार आणि चॅन्सल खुरटं दिसतं, किंवा उलट. आणि हक्काबरोबर जबाबदारीही जमिनीला चिकटून पिढ्यान्‌पिढ्या आली. वॉरिकशरमधल्या अॅस्टन कँटलो इथल्या एका शेतमालक जोडप्याला चॅन्सलच्या दुरुस्तीचं सुमारे ९५,००० पौंडांचं बिल आलं. ते भांडत थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं सर्वांत वरचं न्यायालय) गेले आणि २००३ मध्ये हरले. १३ ऑक्टोबर २०१३ नंतर नोंद न केलेली ही जबाबदारी नव्या खरेदीदारावर सहसा येत नाही. तरी तिकडे जुन्या गावात घर घेताना वकील हा शोध घेतो, त्याचं मूळ हे.

काही मनोरे गोल, काही वाकडे, असं का?

गोल मनोरे बहुतेक सगळे नॉरफक आणि सफकमध्ये आहेत. तिथे घडवता येईल असा दगड नाही, फक्त फ्लिंट, म्हणजे चकमकीच्या गारगोट्या. गारगोट्यांनी काटकोनाचा कोपरा साधत नाही, म्हणून मनोराच गोल केला, असं नेहमी सांगतात. पण त्याच भागात फ्लिंटच्या चर्चेसना कोपरे आहेतच. त्यामुळे मला हे अर्धंच पटतं. रिवाजही असावा.

वाकडा म्हणजे चेस्टरफील्ड. २२८ फुटी लाकडी शिखर, साधारण ४५ अंश पिळलेलं आणि साडेनऊ फूट कललेलं. ओलं ओकचं लाकूड वापरलं, आतून आडवे-तिरपे आधार पुरेसे दिले नाहीत आणि वर तीसेक टन शिशाचे पत्रे चढवले. लाकूड वाळताना वळलं, वजनानं पिळत गेलं. गावात मात्र सैतान शिखरावर बसला होता अशीच कथा चालते.

घंटा सुरात वाजत नाहीत, नुसत्या एकामागून एक का वाजतात?

कारण त्या सूर नव्हे, गणित वाजवतात. इंग्लंडमध्ये घंटा पूर्ण चाकावर बसवलेली असते आणि दोर ओढला की ती तोंड वर करून अख्खा फेरा घेते. अशा जड घंटेला थोडं लवकर किंवा थोडं उशिरा आणता येतं, मनात येईल तेव्हा वाजवता येत नाही. म्हणून सतराव्या शतकापासून क्रम बदलत वाजवायची पद्धत निघाली. पाच घंटांचे १२० क्रम, सहांचे ७२०, सातांचे ५०४०. एकही क्रम पुन्हा येता कामा नये. ५०४० ला तीनेक तास लागतात. आठ घंटांचे ४०,३२० क्रम १९६३ मध्ये लफबरो इथे एकाच दमात वाजवले गेले, जवळपास अठरा तास, तीच माणसं, मधे बदली नाही.

दोरावर हाताच्या उंचीला लोकरीचा जाड, रंगीत पट्टेदार भाग असतो, त्याला सॅली म्हणतात. मनोऱ्याखाली दोर लटकताना दिसला तर हात लावू नका. वर घंटा तोंड वर करून ठेवलेली असली तर दोर माणसाला उचलून नेतो.

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० मध्ये, सगळ्या देशातल्या घंटा बंद झाल्या. वाजल्या तर जर्मन उतरले असं समजायचं. उत्तर आफ्रिकेतल्या एल अलामेनच्या विजयानंतर नोव्हेंबर १९४२ मध्ये एका रविवारी त्या पुन्हा वाजल्या.

बाकं पूर्वीपासून होती का?

नाही. सुरुवातीला लोक उभे राहत किंवा गुडघे टेकत, म्हाताऱ्यांना भिंतीलगत दगडी ओटा. बाकं पंधराव्या शतकात रुळली. पुढे दारं लावलेली खोक्यासारखी बाकं आली आणि त्यांचं भाडं घेऊ लागले. कुणी कुठे बसायचं यावरून झालेले तंटे चर्चच्या न्यायालयात गेले.

जन्म-मृत्यूच्या नोंदी किती जुन्या मिळतात?

१५३८ पासून. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानं प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत असा हुकूम काढला. लोकांना वाटलं नवा कर येतोय. १५९८ मध्ये चर्मपत्रावर नोंदी करायचा आणि बिशपकडे प्रत पाठवायचा नियम आला. १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. मूळ वह्या आता बहुधा परगण्याच्या दप्तरखान्यात असतात, चर्चमध्ये शोधू नका.

डर्बीशरमधल्या ईमची वही वाचवत नाही. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये रेक्टर विल्यम मॉम्पेसनच्या सांगण्यावरून गावानं स्वतःला कोंडून घेतलं. चर्च बंद, प्रार्थना बाहेर घळीत. दफनांच्या यादीत तीच तीच आडनावं येत राहतात, आणि त्यांत मॉम्पेसनची बायको कॅथरीनही आहे.

चर्चमध्ये मिळणाऱ्या पत्रकात लिहिलेलं सगळं खरं असतं का?

पत्रकं प्रेमानं लिहिलेली असतात, पण काही गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या उतरवल्या जातात. पाय एकमेकांवर टाकून झोपलेला दगडी सरदार क्रूसेडला (धर्मयुद्धाला) गेला होता? पुरावा नाही, ती शिल्पाची त्या काळची रीत. चॅन्सलच्या भिंतीतली खालची छोटी खिडकी कुष्ठरोग्यांसाठी? बहुधा नाही. चॅन्सल नेव्हपासून जरा तिरकं आहे ते क्रूसावर कललेल्या ख्रिस्ताच्या मानेचं प्रतीक? दोन वेगळ्या काळांत, मधे जुनी भिंत असताना, डोळ्यांनी रेघ धरून बांधलं की असं होतंच. उत्तरेचं बुजवलेलं दार सैतानासाठी? मिरवणुकांसाठी होतं. मिरवणुका बंद झाल्या, दारातून वारा मात्र येत राहिला.

बाहेरून काय बघावं?

आधी प्रदक्षिणा घाला. दक्षिण दाराजवळ एखाद्या दगडावर हाताएवढं अर्धवर्तुळ आणि मध्ये भोक दिसेल, ते प्रार्थनेची वेळ दाखवणारं सूर्यघड्याळ. भोकात काडी बसवायची. पुढे पोर्च बांधल्यामुळे ते आता सावलीत असेल तर पोर्च नंतरचा, हे हातासरशी सिद्ध.

हेरफर्डशरमधल्या किलपेकला मात्र मान वर ठेवा. ११४० च्या आसपासचं लालसर वालुकाश्माचं छोटंसं चर्च, छपराच्या कडेखाली सगळीकडून डोकी. एक कुत्रा आणि ससा गळ्यात गळा घालून बसलेत, आजच्या व्यंगचित्रातले वाटावेत असे. एक बाई आहे, तिच्याकडे बघून पोरं हसतात आणि आईबाप त्यांना पुढे ढकलतात.

ही चर्चेस इतकी नीटनेटकी कशी?

व्हिक्टोरियन लोकांमुळे, आणि त्यांचे आभार मानावेत की रागवावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. १८४० नंतर पन्नास वर्षांत बहुतेक चर्चेसची 'पुनर्स्थापना' झाली. छपरं वाचली, हे खरं. पण गिलावा खरवडला, खोक्यांची बाकं आणि सज्जे फेकले, आणि वास्तुविशारदाला जो काळ 'शुद्ध' वाटला त्या काळाच्या नव्या खिडक्या बसवल्या. ट्यूक्सबरीच्या मठ-चर्चवर हे काम येऊ घातलं तेव्हा विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी सोसायटी काढली. खरवडण्याविरुद्धची म्हणून तिला 'अँटी-स्क्रेप' असं टोपणनाव पडलं. जुनं आहे तसं सांभाळा, खोटं जुनं बनवू नका, हे तिचं म्हणणं.

मी स्वतः एका चर्चमध्ये एका सुंदर नॉर्मन कुंडीचे वीस फोटो काढले आणि घरी येऊन पत्रक वाचलं तर ती १८६० च्या दशकातली. कडा फार धारदार होत्या, तेव्हाच शंका यायला हवी होती.

आज खर्च कोण करतं? चर्च बंद पडलं तर?

मुख्यतः गावातली मंडळीच, त्यांतली बरीचशी पेन्शनीतली. सरकार दरमहा काही देत नाही. छपराचं शिसं चोरीला जातं, वटवाघळांना कायद्याचं संरक्षण असल्यानं हाकलता येत नाही आणि साधं बाक हलवायलाही चर्चच्या न्यायव्यवस्थेची परवानगी लागते. जी चर्चेस प्रार्थनेसाठी बंद झाली पण इमारत मोलाची आहे, ती सांभाळायला १९६९ मध्ये एक निधी स्थापन झाला. आज त्या संस्थेचं नाव चर्चेस कन्झर्व्हेशन ट्रस्ट, आणि तिच्याकडे साडेतीनशेच्या वर चर्चेस आहेत.

बघायला जाताना चपला काढायच्या का? फोटो चालतात का? दार बंद असलं तर?

चपला काढायच्या नाहीत, चिखल मात्र पोर्चमध्ये झटकावा. फोटो सहसा चालतात, प्रार्थना किंवा लग्न सुरू असेल तर नाही. पेटीत काहीतरी टाकावं. पोर्चला तारेच्या जाळीचं दार असेल तर ते आठवणीनं लावून घ्या. पाकोळ्या आत शिरतात आणि कोंडून मरतात.

दाराचं म्हणाल तर, पहिल्यांदा मी एका गावात लोखंडी कडी उजवीकडे पिळून पिळून दमलो, बंद आहे म्हणून बाहेर ओट्यावर बसून डबा खाल्ला आणि निघालो. फाटकाशी फुलांची टोपली घेतलेल्या एक आजी भेटल्या. त्या माझ्याबरोबर परत आल्या, कडी डावीकडे फिरवली आणि गुडघ्यानं दाराला एक धक्का दिला.